‘थोडं थांब’नंतरची जागा

१५ एप्रिल, सेबी

एस्बेन,

सत्तावीस वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे आणि ‘कसा आहेस’ वगैरे विचारायची मला अजिबात इच्छा नाही. कसा आहेस ते काल दुपारी कळलं. जिवंत आहेस. लेसो बेटावर राहतोस. शाळेची बस चालवतोस. आणि चोरून गाणी लिहितोस!

काल इथल्या गावच्या हॉलमध्ये एका बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. गेर्दा त्यांचं नाव. बाई तुमच्या बेटावरच्या, मुलगा इकडे राहतो म्हणून समारंभ इकडे. मुलांनी आईला भेट म्हणून मला बोलावलं होतं. हस, हस. हल्ली मी भेटवस्तू आहे. डुकराचं भाजलेलं मांस संपून आइसक्रीम येईपर्यंत तीन गाणी, मग फोटो, मग एखादा काका येऊन सांगतो की आमचं पहिलं चुंबन तुमच्या गाण्यावर झालं. जसं काही मी तिथे दिवा धरून उभी होते.

माझी गाणी झाली आणि घरच्यांनी गाण्याचे कागद वाटले. सुरळ्या केलेले, लाल फीत बांधलेले, वर छापलेलं : ‘चाल : अजून उजेड आहे’. माझ्या चालीवर या देशात काय काय गायलं गेलंय याला सुमार नाही. मुलांची चर्चमधली दीक्षा, आजोबांची निवृत्ती, एकदा तर एका कुत्र्याचा वाढदिवस. कागदावर चालीचं नाव असतं, चाल बांधणारीचं कधीच नसतं. आणि सगळे एकाच ठिकाणी आपटतात. तुला ठाऊक आहे कुठे.

*अजून उजेड आहे, निघू नकोस,*
*अजून गवत ओलं, निजू नकोस,*
*थोडं थांब —*

आणि इथे चार मात्रा शब्दच नाहीत. इथे तुझा खालचा आवाज यायचा, नुसता ‘ऊ’ करत जिना उतरल्यासारखा. मग *रात्र कुठे पळून जाते?* पण घरगुती कवींना रिकामी जागा बघवत नाही. ते त्यात ‘आणि आठवतो का तो बाथरूमचा नळ’ कोंबतात, सगळा हॉल अडखळतो, हसतो, पुन्हा सुरू करतो. तीस वर्षं हेच चाललंय.

काल कागदावर ती जागा कोरी होती. फक्त एक लांब रेघ. आणि बेटावरून आलेली म्हातारीकोतारी माणसं तिथे गप्प झाली. सवयीने! सूनबाईंच्या माहेरची मंडळी मात्र बेधडक पुढे गेली, एक काका एकटाच ‘डोंगर!’ म्हणून ओरडला आणि लाजून पाणी प्यायला.

*गेर्दाच्या बरणीत हेरिंग तरंगते,*
*सायकल तिची अजून घंटी वाजवते,*
*थोडा दम धर —*
*डोंगर नाही बेटावर, तरी ही धापा टाकते.*

मी हातात बशी घेऊन खांबापाशी उभी होते. बशी खाली ठेवली आणि सरळ गेर्दाबाईंकडे गेले.

“हे कुणी लिहिलं?”

“आमच्या एस्बेनने. बसवाला. बेटावर कुणाचंही काही असो, गाणं तोच लिहितो. घेत काही नाही हो, एखादी बरणी देतो आम्ही.”

“आणि ही जागा कोरी का?”

“विचारलं तर म्हणतो, तिथे दुसरं कुणीतरी गात असतं, आपण मध्ये बोलू नये.” मग बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. “तुम्ही दोघं मिळून गात होतात ते ठाऊक आहे आम्हाला. पण बेटावर तो विषय कुणी काढत नाही.”

तर मी काढते आहे. त्या शेवटच्या वर्षी मला म्हणाला होतास, शब्द संपले. संपले होते ना? मग गेर्दाच्या हेरिंग माशासाठी कुठून आले रे?

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. प्रेबेन निघायची घाई करतोय. आठवतो ना प्रेबेन? अजून माईक आणि आवाजाची पेटी तोच सांभाळतो, अजून गाडी तोच चालवतो, फक्त आता वळताना कण्हतो.

उत्तर दे.

सोल्वाय

३ मे, ऑर्हुस

एस्बेन,

उत्तर नाही. बरं.

मग मीच बोलते. तसंही आपल्यात मीच बोलायचे.

३१ ऑगस्टला इथे ऑर्हुसमध्ये माझा शेवटचा कार्यक्रम आहे. शेवटचा म्हणजे खरोखरचा शेवटचा, काही जण दर तीन वर्षांनी करतात तसला नाही. तिकिटं बरी जातायत. तुला एकच विचारायचंय : येशील का? एका गाण्यापुरता. माझ्या डाव्या हाताला उभा राहशील, ‘थोडं थांब’ झालं की खाली उतरशील, नमस्कार करशील, घरी जाशील. बस्स. मला दुसरं काहीही नको आहे तुझ्याकडून, माफी तर नकोच. तिचं मी काय लोणचं घालू?

डावीकडे मी कुणाला उभं राहू दिलं नाही, हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. नंतर गाणारे पुष्कळ आले. चांगले होते बिचारे. सगळ्यांना उजवीकडे उभं केलं. एकीने विचारलं, “बाई, डावीकडे काय आहे?” मी म्हटलं, “वारा येतो.” बंद सभागृहात!

आणि त्या चार मात्रा? काय काय भरून पाहिलं मी त्यात. आधी तो किणकिणणारा सिंथेसायझर. मग सॅक्सोफोन, तेव्हा सगळ्यांनीच सॅक्सोफोन घेतला होता, गोवर आल्यासारखा. जर्मनीच्या दौऱ्यात ढोलाची एक थाप. नाताळच्या तबकडीवर लहान मुलांचा वृंद, तो ऐकून मी स्वतःच रेडिओ बंद केला होता. काही बसलं नाही.

तू नव्हतास तेव्हा माझं काय झालं ते तू वाचलं असशील किंवा नसशील. चार तबकड्या खूप गाजल्या. मग मी दुपारच्या रेडिओवर गेले. मग किराणा दुकानांतल्या स्पीकरवर. आता दाताच्या डॉक्टरकडे गेले की तोंड उघडं ठेवून स्वतःलाच ऐकते, आणि तो सुई टोचता टोचता गुणगुणतो. शब्द मीच लिहिते. ‘वारा’, ‘तारे’, ‘तुझे डोळे’. समीक्षक म्हणतात, मऊ आहे. गादीबद्दल म्हणावं तसं म्हणतात.

एस्ब्यर्गचं मी कुणालाही सांगत नाही, तुलाच सांगते. मध्यंतर झालं. तू म्हणालास, “जरा सॉसेज खाऊन येतो.” मी म्हटलं, “मलाही आण, मोहरी जास्त.” दुसऱ्या अर्ध्याची घंटा झाली, पडदा वर गेला, मी गात होते आणि डोळा मागच्या दाराकडे. दोन गाणी होईपर्यंत मला वाटत होतं की रांग मोठी असेल.

रांग! सत्तावीस वर्षांची.

प्रेबेन म्हणतो, तू आता बैस जरा, तुझ्या येरझाऱ्यांनी खालचे भाडेकरू वर येतील. माझा उजवा पाय तर तुला माहीतच आहे, थांबत नाही. हल्ली तो माईकमध्येही ऐकू येतो म्हणून प्रेबेन पायाखाली जाड सतरंजी टाकतो. या वर्षात हे माझं दुसरं घर. खोकी अजून तशीच आहेत, ओट्यापाशी उभी राहून लिहिते आहे. उघडून तरी काय करायचं, तिसरं घर बघून ठेवलंय.

येशील का? हो किंवा नाही. दोनच तर शब्द आहेत, तुला काही जड नाहीत.

सोल्वाय

२४ मे, ऑर्हुस (हे पाठवायचं नाही)

एस्बेन,

हे तुला पाठवता येणार नाही. पण तुलाच लिहायची सवय लागली आहे, काय करू.

आज गेर्दाचा फोन आला.

“अहो सोल्वायबाई, एक अडचण आहे. वीस जूनला एस्बेन आणि एलिनोरच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत.”

“बरं,” मी म्हटलं. तुझ्या बायकोचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

“आदल्या दिवशी आम्ही शेजारी दारावर फर झाडाच्या फांद्यांची कमान बांधणार. सकाळी सगळ्यांनी दाराशी जाऊन गायचं, त्यांना उठवायचं. रीतच आहे. पण गाणं कोण लिहिणार? बेटावरचं प्रत्येक गाणं तो लिहितो. आता त्याचं त्यालाच कसं सांगायचं?”

“मग तुमच्यातल्या कुणीतरी लिहा की.”

“लिहिलंय हो! पोस्टमन आणि खतांच्या दुकानवाला बसले होते. चौदा कडवी झाली. त्यातली पाच बसच्या गिअरबद्दल आहेत. एस्बेन आमच्या प्रत्येकावर लिहितो. त्याच्यावर कधीच कुणी लिहिलं नाही. त्याच्यासमोर कुणाची छाती होत नाही. तुम्ही लिहाल का?”

मला ओरडावंसं वाटलं. बाई, तुम्ही कुणाला विचारताय? हा माणूस मला अर्ध्या कार्यक्रमात सोडून गेला आणि त्याच्या लग्नाच्या आनंदाचं गाणं मी लिहू? आणि लिहायला येतं कुठे मला? माझ्या तर नुसत्या गाद्या.

पण बाईंचं ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याच्यावर कधीच कुणी लिहिलं नाही. एस्बेन, गेल्या वर्षी मी साठी पूर्ण केली. पन्नास माणसं आली होती. वाजवणारे, रेडिओवाले, सगळे गाण्यातलेच. भाषणं झाली, फुलं झाली. कागद कुणीच वाटले नाहीत. आपल्या देशात दूधवाल्याला साठीला गाणं मिळतं. मी आइसक्रीम संपेपर्यंत वाट पाहिली. मग भांडी आवरायला उठले आणि प्रेबेनला म्हटलं, बरं झालं, त्या चार मात्रांत पुन्हा नळ आला असता. त्या दिवशी घरी जाऊन रडले मी. तेही उभ्याने, खोकी भरता भरता.

म्हणून हो म्हणाले.

आणि दुसरं, तेही इथेच लिहून टाकते. वरची पट्टी मला आता लागत नाही. दोन वर्षं झाली. वादकांनी गाणं खाली उतरवलंय, एकदा, मग पुन्हा एकदा. ‘अजून उजेड आहे’ मी आता जिथून गाते, तिथे पूर्वी तू असायचास. म्हणून हा शेवटचा कार्यक्रम. म्हणून तू हवास. आवाज पुरता जायच्या आत एकदा ते गाणं पूर्ण ऐकायचंय मला.

६ जून, व्हीबोर्ग

एस्बेन,

अजून उत्तर नाही, तरी लिहिते आहे. निर्लज्ज आहे मी, हे तुला नवीन नाही.

ऑगस्टचं आज विचारत नाही. आज सहज लिहिते आहे. तू अजून धिरडी करपवतोस का? आपल्या त्या ऑर्हुसच्या खोलीत शेजारीण दार वाजवायची, आग लागली का म्हणून. आता कोण खातं ती? कुणी मुकाट खात असेल तर त्या माणसाची मला काळजी वाटते. आणि तुझे केस? गेले असतील. तुझ्या वडिलांचे गेले होते.

कशाला विचारते आहेस, म्हणशील. असंच. गाडीत बसून कंटाळा येतो. प्रेबेनशी तीस वर्षांत सगळं बोलून झालंय.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. या महिन्यात मी माझी जुनी गाणी काढून वाचली. गायली नाहीत, वाचली. एकाही गाण्यात माणूस नाही रे! नाव नाही, सायकल नाही, बरणी नाही. कुणीतरी कुणावर तरी प्रेम करतं आणि बाहेर वारा असतो. गेर्दाची हेरिंग मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तू तिथे बसून हेच करत होतास इतकी वर्षं? माणसं नीट पाहत होतास?

मला त्याचा हेवा वाटला. झालं, लिहून टाकलं.

सोल्वाय

२१ जून, फ्रेडरिक्सहाऊन, बोटीच्या धक्क्यावर

एस्बेन,

काल तू दाराच्या आत होतास, मी बाहेर. बाहेरचं तुला काय दिसणार? म्हणून लिहिते.

आम्ही सहाला जमलो, कारण सातला तुझी बस. निम्मी शाळा तर आमच्यातच उभी होती. कमान जरा तिरकी झाली होती. पोस्टमन कॉर्नेट, म्हणजे छोटी तुतारी, घेऊन आला होता आणि ते कॉर्नेट त्याचं ऐकत नव्हतं. मी गेर्दाचा रेनकोट घालून, टोपी नाकापर्यंत ओढून मागे उभी. पाऊस नव्हता, लख्ख ऊन होतं, त्यामुळे बेटावर संशयित अशी मी एकटीच. तुम्ही दोघं झोपेचं सोंग घेऊन आत होतात आणि स्वयंपाकघराच्या धुराड्यातून कॉफीचा वास येत होता. सोंगसुद्धा धड येत नाही तुम्हाला!

मला धडकी भरली होती. जर्मनीत दहा हजारांसमोर भरली नव्हती तेवढी. कागद सगळ्यांच्या हातात होते, शब्द माझे होते आणि त्यात वारा नव्हता.

*लेट मुलासाठी त्याची बस खोळंबते,*
*तिची मधमाशी त्याच्या टकलावर झोंबते,*
*थोडं थांब —*
*धिरडं करपलं तरी ती मुकाट गिळते.*

टक्कल आणि मधमाशा गेर्दाने पुरवल्या. धिरडं माझं. तू दार उघडलंस तेव्हा हे कडवं पहिल्यांदा चालू होतं. अंगात झगा, पायात रबरी बूट. लोक ‘थोडं थांब’वर थांबले आणि मी कान टवकारले. आता उतरेल, आता उतरेल. तू गप्प. तेच कडवं दुसऱ्यांदा घेतलं, तरी गप्प. मी मनातल्या मनात तुला असल्या शिव्या दिल्या की रेनकोट जळायला हवा होता.

आणि तिसऱ्यांदा ती जागा आली, तर आवाज आला. जिना उतरल्यासारखाच. फक्त तुझा नाही. एलिनोरचा! वेणी अर्धी सुटलेली, हातात चमचा, आणि ही बाई डोळे मिटून तुझा खालचा आवाज गातेय. आणि तू वरची चाल धरलीस. माझी चाल. शब्दांसकट. टकलासकट. कागदाकडे न बघता, कारण कागद तुला कुणी दिलाच नव्हता. दोनदा ऐकून पाठ केलंस.

मी टोपी काढली ती तेव्हा. मुद्दाम नाही. उकडलं एकदम.

नंतर पाव, चीज आणि ती सकाळची कडू दारू घेऊन सगळे तुझ्या अंगणात बसले. मी उभी. तू माझ्याकडे लोणी सरकवलंस, जसं काही मी रोजच येते.

“धिरडं तुझं,” तू म्हणालास.

“ओळखलंस.”

“बाकीचंही ओळखलं. जागा कोरी सोडलीस.”

मग एलिनोरच म्हणाली, “हे भांडी घासताना गातात. वरचा आवाज ह्यांचा, मला खालचा शिकवला. मला वाटायचं, गाणं तसंच आहे.”

मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू पावाकडे पाहिलंस.

“मला वरची चाल गायची होती,” तू म्हणालास. “आठ वर्षं. शब्द मी लिहायचो आणि माझे शब्द मला गायला मिळायचे नाहीत. मी आपला खाली ‘ऊ ऊ’. एस्ब्यर्गला सॉसेजच्या रांगेत उभा होतो, तिथे दोन पोरी तेच गाणं गात होत्या, तर मीही गायलो. वरून. आत परत जायला मग पायच उचलेना.”

“मेल्या, मग सांगायचंस ना! तोंड नव्हतं? सॉसेजला उघडलंस ते तोंड!”

अख्खं अंगण माझ्याकडे वळलं. कॉर्नेटसुद्धा.

“सांगणार कुणाला?” तू म्हणालास. रागाने नाही, तेच जास्त लागलं. “तू कधी एका जागी बसलीस?”

आज बोटीवर तीन उत्तरं सुचली, पण एकही खरं नाही. तुझी बस निघायची वेळ झाली, पोरं हॉर्न वाजवायला लागली. मी फाटकापर्यंत मागे आले.

“ऑर्हुसला?” मी विचारलं.

“डावीकडे? नाही, सोल्वाय.”

झालं. शेवटी उत्तर मिळालं, आणि ते नाही असं आहे. मला वाईट वाटलं. फार वाटलं. तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. पण ते मला दोन दिवसांनी पटेल, आज पटत नाही. एलिनोरने दिलेली मधाची बरणी पोचेपर्यंत फुटली नाही म्हणजे मिळवली. तिला सांग, आवाज चांगला आहे तिचा. माझ्या उजवीकडे उभ्या राहिलेल्या सगळ्यांपेक्षा चांगला.

सोल्वाय

१ सप्टेंबर, ऑर्हुस

एस्बेन,

काल तू माझ्याकडे बघत होतास, म्हणून तुला वाटेल की तुला सगळं दिसलं. तसं नाही.

पहिला अर्धा भाग बरा गेला. लोक प्रेमाने आले होते, प्रेमाने आलेल्या माणसांना फसवणं सोपं असतं. वरच्या सुरांवर वादकांनी मला सांभाळून घेतलं. मध्यंतरात मी मागच्या दाराबाहेर येऊन उभी राहिले. सॉसेजची गाडी होती तिथे. रांगेत पाहिलं. तू नव्हतास. मग मी स्वतःलाच म्हटलं, चल बये, अर्धा तास उरलाय, उरक.

आत आले तर रंगमंचावर खुर्ची. बरोब्बर डावीकडे.

“ही कुणाची?” मी प्रेबेनला विचारलं.

“तुझी. बैस.”

“मी बसून गात नाही.”

“गायचं नाहीये. बैस म्हणतो ना!” तीस वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. त्याला सगळं ठाऊक होतं. तुमची फोनाफोनी चालली होती म्हणे महिनाभर. दोघांनाही बघून घेईन.

मी पडद्याकडे पळायच्या बेतात होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत गेर्दा दिसली, नव्या टोपीत. तिच्या शेजारी पोस्टमन. कॉर्नेट घेऊन! मग एलिनोर. बोटीत पाऊल ठेवलं की तिला ओकारी होते हे गेर्दाने मला सांगितलं होतं, आणि तिचा चेहरा अजून हिरवा होता. आणि तू, टक्कल चमकत. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत काहीतरी सरकत होतं. मला आधी कळलंच नाही. सुरळ्या. लाल फीत.

एक सुरळी माझ्याही हातात आली. वर छापलं होतं : ‘चाल : सोल्वायची’.

मग मात्र मी बसले. गाणं ज्याच्यावर, त्याने बसायचं, ही रीत मलाही ठाऊक आहे. फक्त कधी वेळ आली नव्हती.

*खुर्ची दिली तरी ही उभ्यानेच खाते,*
*घर लावून होतं न होतं, दुसरीकडे जाते,*
*थोडं थांब —*

सबंध हॉल थांबला. आणि तू तिथे उभा राहून माझ्याकडे बघत होतास, वरचा सूर संपवून, तोंड मिटून. एलिनोरही गप्प. म्हटलं, ही बाई गात का नाही? मग कळलं की ती जागा माझ्यासाठी ठेवली आहे.

मी ‘ऊ’ करत जिना उतरले. बसल्या जागेवरून. सराव नव्हता, अर्धी मात्रा उशीर झाला, आणि मधल्या पायरीवर आवाज फाटला. तो फाटलेला तुला ऐकू आला असेल. त्याच्या आधीचा क्षण तुला ऐकू आला नसेल, कारण तेव्हा मी नुसती श्वास घेत होते आणि मला कसलीच घाई नव्हती.

*बस ना बये, रात्र कुठे पळून जाते?*

कडवी सहा होती. दाताचा डॉक्टर आला, सॅक्सोफोन आला, मोहरी जास्त घातलेलं सॉसेजही आलं. लोक हसत होते आणि मी रडत होते. शेवटी सगळे उभे राहिले, रीतीप्रमाणे नऊ वेळा हुर्रे केलं, आणि मी एकटी बसून होते.

आज सकाळी प्रेबेनने ध्वनिमुद्रण ऐकवलं. म्हणाला, “एक गोष्ट लक्षात आली का? सतरंजी मी काढून घेतली होती. पायाचा आवाज कुठेच नाही.”

मला लक्षात आलं नव्हतं.

मोहरीचं सॉसेज तू माझ्या हातात ठेवून गेलास तेव्हा गार झालं होतं. तरी खाल्लं. तुला इतकी पत्रं लिहिली, सगळी बॉनेटवर, ओट्यावर, धक्क्यावरच्या कठड्यावर. हे खुर्चीत बसून लिहिते आहे.

सोल्वाय